हरलेल्यांचं कपाट

पुण्यात अप्पा बळवंत चौकात आपण पुस्तकं घ्यायला जातो. ज्यांच्या नावानं हा चौक ओळखला जातो ते अप्पा म्हणजे कृष्णाजी बळवंत मेहेंदळे. त्यांचे वडील बळवंतराव डिसेंबर १७६० मध्ये, मुख्य लढाईच्या महिनाभर आधी, पानिपतावर पडले. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ मी याच चौकात घेतलं, पण चौकाच्या नावाचा हा धागा कळला तो पुस्तकातलं बळवंतरावांचं नाव वाचून. तेव्हापासून तिथून जाताना पाऊल थोडं मंदावतं.

युद्धेतिहासाची कोणती पुस्तकं घरात असावीत, असं तरुण वाचक हल्ली बरेचदा विचारतात. बाजारात या विषयाला तोटा नाही. रणगाड्यांची गुळगुळीत छायाचित्रं आहेत, सेनापतींची चरित्रं आहेत, ‘जगातल्या शंभर निर्णायक लढाया’ आहेत. ती वाचनालयातून आणावीत, वाचावीत, परत करावीत. पैसे मोडून घरी आणायचं, दर चार-पाच वर्षांनी पुन्हा उघडायचं पुस्तक कोणतं, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं माझं उत्तर बऱ्याच वर्षांच्या खरेदीनंतर ठरत गेलं. आधी पराभवाची पुस्तकं घ्या. हरलेल्या माणसानं किंवा हरलेल्या समाजातल्या अभ्यासकानं, दाणागोटा मोजत आणि स्वतःची चूक न वगळता लिहिलेली. जिंकणाऱ्याला कारणं शोधावी लागत नाहीत, त्याला विजय पुरतो. हरलेल्याला रात्री झोप येत नाही आणि तो हिशेब मांडत बसतो.

मराठी वाचकानं सुरुवात शेजवलकरांपासूनच करावी. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी हा विषय आधी इंग्रजीत, १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या प्रबंधिकेत मांडला आणि लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९६१ मध्ये, मराठीत विस्तारानं लिहिला. लढाईनंतरच्या काळात पानिपताविषयी मराठी मनात एक ठरीव चित्र बसलं होतं. गर्विष्ठ भाऊ, मल्हाररावांचा न ऐकलेला गनिमी काव्याचा सल्ला, बायकामुलांचं लटांबर, आणि मग सर्वनाश. हे चित्र मुख्यतः बखरींनी दिलेलं. शेजवलकर ते पत्रांशी, फारशी लेखांशी आणि प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहतात. ते स्वतः रणभूमीवर गेले, ती पायांखालून घातली. मग दिसायला लागतं की पानिपत हा एका दिवसाचा प्रश्नच नव्हता. मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघालेली फौज ऑगस्टात दिल्ली घेते, ऑक्टोबरात कुंजपुरा घेते, तिथं धान्य हाती लागतं आणि आठवडाभरात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसतो. तिथून पुढचे अडीच महिने ही चाऱ्याची आणि धान्याची लढाई आहे. गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद तोडत होते, ते डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांहून बिनलढाऊ माणसं किती तरी जास्त. घोडे उभ्या जागी खंगत चाललेले. १४ जानेवारीच्या सकाळी फौज बाहेर पडली ती अशा अवस्थेत.

त्या सकाळचा बेत काय होता, याबद्दल शेजवलकरांचं म्हणणं ठाम आहे. गोल बांधून, आत बुणगे आणि बाहेर बंदुका-तोफा ठेवून, लढत लढत वाट काढायची. गोल मोडला तिथं घात झाला. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत आणि पुस्तकाचा सूर काही ठिकाणी वकिली होतो हेही खरं. नानासाहेब पेशव्यांवर ते ज्या कडकपणे बोट ठेवतात, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. तरी हे पुस्तक मी सगळ्यांत वर ठेवतो. आपल्याच समाजाच्या सर्वांत मोठ्या जखमेकडे न रडता, न गौरव करता, पुराव्यानं पाहणारा माणूस त्यात भेटतो.

त्याच्या शेजारी तीन गोष्टी हव्यात. पहिली, ‘भाऊसाहेबांची बखर’. तिच्यातली माहिती पारखून घ्यावी लागते, पण तिची भाषा म्हणजे मराठी गद्याचं वैभव आहे, आणि लोकांनी पानिपत कसं आठवलं याचा तो अस्सल पुरावा आहे. दुसरी, काशीराज शिवदेवाची हकीकत. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे लढाई त्यानं पलीकडच्या बाजूनं पाहिली. वीसेक वर्षांनी ती फारशीत लिहून काढली. तिसरी, नाना फडणिसांचं छोटं आत्मवृत्त. पानिपताच्या वेळी नाना जेमतेम एकोणीस वर्षांचे होते, यात्रेच्या निमित्तानं आई आणि पत्नीसह छावणीत आलेले. त्या पळापळीत त्यांची आई त्यांना कायमची अंतरली. पुढं अर्धं राज्य चालवणाऱ्या माणसाच्या तारुण्यात हा दिवस आहे, हे ध्यानात ठेवलं की त्याची नंतरची सावधगिरी वेगळी वाटू लागते. ज्याला मूळ कागदांपर्यंत जायचं आहे त्यानं राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड शोधावा. १८९८ सालचा हा खंड पानिपतापर्यंतच्या पत्रांचा आहे आणि त्याची प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथाच्या तोलाची आहे. विश्वास पाटलांची कादंबरी अनेकांना या विषयाकडे घेऊन आली. ती जरूर असू द्या, फक्त कादंबऱ्यांच्या फळीवर.

चाऱ्याचा विषय निघालाच आहे तर दोन बारीक चणीची पुस्तकं सांगतो. मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्डचं ‘सप्लाइंग वॉर’ १९७७ चं आणि डोनाल्ड एंगल्सचं अलेक्झांडरच्या फौजेच्या पुरवठ्यावरचं पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षीचं. एंगल्स माणशी रोज किती धान्य, घोड्याला किती दाणा आणि किती ओला-सुका चारा, किती पाणी, हे धरून गणित मांडतो आणि कोणत्या वाटेनं फौज जाऊच शकत नव्हती ते दाखवतो. क्रेव्हेल्ड सांगतो की पहिल्या महायुद्धापर्यंत मोठी फौज चालती असेल तर पोट भरू शके. थांबली की आजूबाजूचा मुलूख खाऊन संपे आणि उपासमार सुरू होई. हे वाचून पुन्हा पानिपताच्या त्या अडीच महिन्यांकडे जा. भाऊंच्या छावणीचा नकाशाच बदलतो.

आता थेट ग्रीसमध्ये. थ्युसिडिडीजचं पेलोपोनीशियन युद्धाचं पुस्तक जगभरच्या प्रत्येक यादीत असतं आणि बहुतेकांच्या कपाटात न उघडता राहतं, कारण पहिली शंभर पानं नावांच्या गर्दीत दम काढतात. त्याला धरून राहा. हा माणूस अथेन्सचा सेनापती होता. ख्रिस्तपूर्व ४२४ मध्ये अँफिपोलिस शहर वाचवायला तो सात जहाजं घेऊन धावला; पोचला तेव्हा स्पार्टाच्या ब्रासिडासनं शहर ताब्यात घेतलं होतं, जवळचं बंदर तेवढं वाचलं. या अपयशापायी त्याला वीस वर्षं हद्दपारी भोगावी लागली. आपल्या आयुष्याचा सत्यानाश करणारा हा प्रसंग तो स्वतःचा तृतीय पुरुषात उल्लेख करत मोजक्या ओळींत सांगतो. एक सबब नाही. हद्दपारीचा उल्लेख पुढं कुठं तरी येतो, तोही दोन्ही बाजूंच्या लोकांना भेटता आलं हे नोंदवण्यापुरता. मी आजवर वाचलेल्या सेनानींच्या आठवणींत इतकी करडी प्रामाणिकता दुसरी सापडलेली नाही.

आणि मग सहावा-सातवा भाग, सिसिलीची मोहीम. अथेन्स जोशात येऊन दूरच्या बेटावर आरमार पाठवतं. ज्याचा या मोहिमेला विरोध होता तो निकियासच तिच्या सेनापतींपैकी एक. सगळं हातचं गेल्यावर माघार घ्यायचं ठरतं, त्याच रात्री चंद्रग्रहण लागतं, ज्योतिषी सत्तावीस दिवस थांबायला सांगतात आणि निकियास थांबतो. शेवटी सात हजारांवर कैदी सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत कोंडले जातात. उघड्यावर ऊन, रात्री थंडी, माणशी रोज पाव लिटरभर पाणी आणि त्याच्या दुप्पट मापाचं धान्य. मापासकट लिहितो हा माणूस. रेक्स वॉर्नरचा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. पण थोडे जास्त पैसे घालून रॉबर्ट स्ट्रासलरनं संपादित केलेली, पानोपानी नकाशे असलेली आवृत्ती घेतली तर हे पुस्तक अर्ध्यावर सुटणार नाही.

थ्युसिडिडीजचा खरा वारस मला वाटतो मार्क ब्लॉक. मध्ययुगाचा हा थोर फ्रेंच इतिहासकार वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४० मध्ये, कॅप्टन म्हणून आघाडीवर होता. त्याच्याकडं काम होतं एका सैन्याच्या पेट्रोल पुरवठ्याचं. डंकर्कहून तो इंग्लंडला निसटला, लगेच फ्रान्सला परतला आणि देश कोसळल्यानंतरच्या त्या उन्हाळ्यात त्यानं पराभवाचा पंचनामा लिहून काढला. सेनापतींची ठरावीक साच्यातली बुद्धी, कार्यालयांतला कागदांचा पसारा, शत्रू आपल्या अंदाजापेक्षा वेगानं येतो हे पुन्हा पुन्हा दिसूनही न पटणं, हे सगळं त्यात आहे. पण शेवटच्या भागात तो आपल्या पिढीकडं, प्राध्यापकांकडं, स्वतःकडं वळतो. आम्ही आमच्या अभ्यासिकांत बसून राहिलो, हा त्याचा आरोप स्वतःवर आहे. पुढं तो प्रतिकार चळवळीत गेला आणि १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. ‘स्ट्रेंज डिफीट’ या नावानं इंग्रजीत ओळखलं जाणारं हे पुस्तक १९४६ मध्ये, तो गेल्यावर, छापलं गेलं. दोनशेच्या आसपास पानं. एकच परदेशी पुस्तक घेणार असाल तर हे घ्या.

आपल्या माणसांच्या एका पराभवाकडं मात्र मराठी वाचकाचं लक्ष फारसं गेलेलं नाही. इराकमधलं कूत. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात तिथं तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पीठ संपत आलं. घोडे कापायला लागले, पण हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी धर्म जाईल म्हणून ते मांस दीर्घकाळ नाकारलं आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. बार्ली होती तर दळायला साधन नव्हतं. जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले. सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि कैद झालेल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परत आले नाहीत. सेनापती टाउनशेंड मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर सुखात होता. त्याचं १९२० चं पुस्तक स्वतःच्या समर्थनानं भरलेलं आहे. त्यापेक्षा इंजिनिअर अधिकारी सँडिसचं ‘इन कूत अँड कॅप्टिव्हिटी’ घ्या. आणि बंगाली येत असेल, किंवा कुणी वाचून दाखवणारं असेल, तर शिशिर सर्वाधिकारींचं ‘अभि ले बगदाद’. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधल्या या तरुणानं कैदेत आपली रोजनिशी फाडून, तुकडे बुटात लपवून जपली आणि १९५७ मध्ये तिच्यावरून पुस्तक केलं. साताऱ्या-रत्नागिरीच्या गावांतून गेलेले शिपाईही तीच वाट तुडवत होते. त्यांचं पायी चालणं आज मला बंगालीतून समजून घ्यावं लागतं, याची खंत मनातून जात नाही.

ब्रिटिश सेनापती स्लिमचं ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ हे १९५६ चं पुस्तक विजयात संपतं, तरी ते या कपाटात बसतं ते त्याच्या पहिल्या भागामुळे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून झालेली जवळपास नऊशे मैलांची माघार या माणसानं स्वतः चालवली आणि आपण काय काय चुकलो ते नोंदवलं. पुढंही, कोहिमावर जपानी एवढं मोठं बळ आणतील हा अंदाज आपल्याला आला नाही, असं तो मोकळेपणानं मान्य करतो. मला त्यातली सर्वांत आवडणारी पानं लढाईची नाहीत. मलेरियाची आहेत. एका जखमी माणसामागं शंभराहून अधिक आजारी पडत होते. गोळी घेतली की नाही याची अचानक तपासणी सुरू झाली आणि पंचाण्णव टक्क्यांच्या खाली आलेल्या पलटणीचा प्रमुख घरी पाठवला जाऊ लागला. तिघे गेल्यावर पुढं गरज पडली नाही. विमानातून रसद टाकायला रेशमी हवाई छत्र्या मिळेनात तेव्हा कलकत्त्याच्या तागाच्या छत्र्या करून घेतल्या, त्याही फार कमी खर्चात. ‘युद्ध जिंकणं’ म्हणजे काय, हे या दोन गोष्टींत जेवढं कळतं तेवढं बाणांनी भरलेल्या नकाशांत कळत नाही. याच मोहिमेत मार्च १९४४ मध्ये सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. थोड्याच खोलीवर कातळ, खोल खंदक खणता येईना, पाण्याचे हाल. हॅरी सीमनचं ‘द बॅटल ॲट सांगशाक’ खास त्या दिवसांवर आहे.

१९६२ च्या चीन युद्धावर पुष्कळ लिहिलं गेलंय. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवींचं ‘हिमालयन ब्लंडर’ त्यात वेगळं उठून दिसतं. नामका चू या ओढ्याच्या काठी सातवी ब्रिगेड त्यांच्या हाताखाली होती. अंगावर सुती कपडे, माणशी पन्नास गोळ्या, विमानातून टाकलेलं सामान दरीत जाणारं. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, दोन दिवसांनी दळवी पकडले गेले, सात महिने कैदेत राहिले. १९६९ च्या या पुस्तकात राग आहे, तो लपवलेला नाही, आणि दिल्लीतल्या माणसांबद्दलचे काही निष्कर्ष एकतर्फी वाटतात. म्हणूनच एकट्यानं ते वाचू नये. ज्यांच्यावर सर्वाधिक दोष आला त्या जनरल कौलांचं ‘द अनटोल्ड स्टोरी’, दळवींचे वरिष्ठ निरंजन प्रसाद यांचं ‘द फॉल ऑफ तवांग’, आणि दिल्लीच्या मुख्यालयातून सारं पाहिलेल्या पलितांचं ‘वॉर इन हाय हिमालय’. चारही शेजारी ठेवली की एकच आदेश चार ठिकाणी कसा वेगळा दिसतो ते उमगतं. पाचवं पुस्तक कोल्हापूरकडच्या लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचं, ‘फ्रॉम रेव्हेली टु रिट्रीट’. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९६० मध्येच त्यांनी एका सरावातून या धोक्याचं चित्र वरिष्ठांपुढं मांडलं होतं. ते शांतपणे लिहितात, त्यामुळं जास्त लागतं.

पराभूतांची सगळीच पुस्तकं विश्वासाची नसतात, हे इथं सांगायला हवं. जर्मन फील्डमार्शल मानश्टाइनचं ‘लॉस्ट व्हिक्टरीज’ वर्षानुवर्षं उत्तम युद्धग्रंथ म्हणून गणलं गेलं. डावपेचांची त्याची मांडणी चकित करणारी आहे. पण त्यात प्रत्येक चूक हिटलरची आणि प्रत्येक हुशारी लेखकाची. त्याच्या फौजेच्या मागं ज्यूंची जी कत्तल चालली होती तिच्याविषयी पुस्तक गप्प आहे. १९४९ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयानं याच माणसाला युद्धगुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं होतं. हे पुस्तक घेतलंत तर ब्लॉकच्या बाजूला ठेवा. हिशेब मांडणं आणि हात धुणं यातला फरक समोरासमोर दिसेल. याच्या उलट बाजूला सिद्दिक सालिक. १९७१ मध्ये ढाक्यात पाकिस्तानी सैन्याचा जनसंपर्क अधिकारी असलेल्या या मेजरनं भारतात युद्धकैदी म्हणून काळ काढला आणि ‘विटनेस टु सरेंडर’ लिहिलं. आपल्याच सेनापतींचा आंधळेपणा त्यानं जितका दाखवला, तितका आपल्याकडच्या विजयी लेखकांनाही दाखवता आलेला नाही.

विजेत्यांची पुस्तकं मग घ्यायचीच नाहीत का? घ्यायची, पण दुसऱ्या हातात कंदील धरून. सीझरचं गॉलचं वृत्त गद्य म्हणून अप्रतिम आहे, शत्रूचे आकडे मात्र त्याच्या राजकारणाच्या सोयीचे. ग्रँट डफचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास एका सैनिक-रेसिडेंटनं साताऱ्याचे कागद हाताशी घेऊन लिहिलेला. त्याच्याशिवाय पुढची वाट नव्हती. आणि त्यावरची नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची टीका, विद्यार्थिदशेत केलेली, मराठी माणसानं आपल्या इतिहासाचा जाब विचारण्याची सुरुवात आहे. दोन्ही एका बांधणीत मिळती तर काय बहार झाली असती. सुरेंद्रनाथ सेनांचं १९२८ चं ‘द मिलिटरी सिस्टिम ऑफ द मराठाज’ जुनं झालं असलं तरी किल्ले, आरमार, पगार, शिलेदार-बारगीर या सगळ्या व्यवस्थेसाठी अजून तेच उघडावं लागतं.

जॉन कीगनच्या ‘द फेस ऑफ बॅटल’चा उल्लेख राहून चालणार नाही. सँडहर्स्टला अधिकाऱ्यांना युद्ध शिकवणारा हा माणूस सुरुवातीलाच कबूल करतो की आपण कधी लढाईत गेलेलो नाही. आणि मग विचारतो, आजँकूरला, वॉटर्लूला, सोमला शिपायाला नेमकं काय दिसत होतं, ऐकू येत होतं, तो पळून का गेला नाही? १९७६ नंतर लढाई लिहिण्याची रीतच यामुळं बदलली. आपल्याकडच्या एखाद्या लढाईला हे प्रश्न कुणी मराठीत विचारावेत अशी माझी फार इच्छा आहे.

त्याला साहित्य तयार आहे. रँडॉल्फ कूपरचं २००३ चं इंग्रज-मराठा मोहिमांवरचं पुस्तक हे या यादीतलं सर्वांत नवं आणि महाग, तरी घ्यावं. इंग्रज शिस्तीनं आणि तंत्रानं जिंकले ही समजूत तो कागदपत्रांनी खोडतो. शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोडीच्या होत्या, पायदळ कसलेलं होतं; फुटले ते पगारी गोरे अधिकारी, आणि पैसा कुणाच्या हाती अधिक होता यावर पुष्कळ काही ठरलं. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीची पंधराशेहून अधिक माणसं पडली किंवा जखमी झाली. तो केळणा नदी उतरला कसा, तर वाटाडे उतार नाही म्हणत असताना त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, आणि समोरासमोरच्या गावांत येणंजाणं असणारच असा त्यानं कयास बांधला. पिंपळगाव आणि वरूड. कूपरचं पुस्तक पिशवीत घालून पावसाळा सरल्यावर केळणेच्या काठी जावं. असई तिथून हाकेच्या अंतरावर आहे.